कंसातली सायकल

'ताई, मी परभणीकडची. यंदा पुण्यात एफवायला आले, स्टॅटिस्टिक्स घेतलंय. कर्वेनगरला हॉस्टेलवर राहते, कॉलेज डेक्कनला. चार महिन्यांत 52 ची 56 किलो झाले, उंची पाच फूट तीन इंच. मेसची भाजी तेलात पोहते, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद, मग मॅगी नाहीतर वडापाव. रूममेट माझ्या दुप्पट खाते तरी काडीसारखी. ती फार चांगली आहे, रोज मला ॲक्टिव्हावर कॉलेजला नेते. (आठवीत सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेली सायकल आणलीय, घरी तिच्यावरच चार किलोमीटर शाळेत जायचे, पण ती पंक्चर आहे. बाबांना चालवते असंच सांगितलंय.) रात्रीचं जेवण बंद करू का? डाएट चार्ट द्याल?'

पोरी, चार्ट मिळणार नाही. आणि रात्रीचं जेवण बंदबिंद करायचं नाही. आठ वाजता ताट टाळणारी मुलगी अकरा वाजता मॅगीचं पाकीट फोडते, हे मी तुला सांगायला नको. तुझ्या उंचीला 56 किलो म्हणजे बीएमआय 22 च्याही आत; आपल्याकडे 23 च्या पुढे गेला की डॉक्टर टोकतात. जीन्स बसत नसेल तर धाकटीला देऊन टाक.

तुझं मूळ पत्र दोन पानी होतं, वर फक्त सारांश दिलाय. कुठल्या मेसला पोळीला तूप लावतात इथपर्यंत सगळं त्यात आहे. सायकलीला मात्र कंसातल्या दोन ओळी. मला तो कंस वाचून राग आला, खरं सांगते.

पंक्चर काढायला दहा मिनिटं लागतात. चार महिने नाही लागत. तुला लाज वाटते. सगळ्या जणी गाड्यांवरून येतात आणि आपण सरकारी सायकल दामटत जायचं, हे तुला नको झालंय. ज्या सायकलीवर तू बारावीपर्यंत पोचलीस, ती आता जिन्याखाली चपट्या टायरवर उभी आहे. बाबांनी ती ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालताना हँडल वळवून, पेडलला गोणपाट बांधून दिलं असणार. आमच्या वडिलांनी असंच दिलं होतं. 1982 साली याच शहरात कॉलेजच्या फाटकाशी सायकल लावायला जागा मिळायची नाही. साडीचा पदर खोचून आम्ही टिळक रोड पालथा घालायचो.

तू स्टॅटिस्टिक्सची, मी बी.ए. मराठीची, तरी हिशेब मीच मांडते. शाळेला जाऊन येऊन आठ किलोमीटर. किलोमीटरला ढोबळ 25 कॅलरी धर, रोजच्या 200 झाल्या. आठवड्याचे सहा दिवस, सोळा आठवडे: 19 हजारांच्या वर. अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात. म्हणजे तुझ्या चारातले जवळजवळ अडीच किलो मेसवाल्या काकांचे नाहीतच, ॲक्टिव्हाच्या मागच्या सीटचे आहेत. काकांना उगाच दोन पानं शिव्या घातल्यास.

आणि ती चांगली रूममेट. असेल चांगली. पण ती रोज हॉर्न वाजवते आणि तू रोज सायकलीकडे न बघता जिना उतरतेस, हा चांगुलपणा तुला महागात पडतोय. तिला सांग, सोमवारपासून वाट बघू नकोस. कारण सांगायची गरज नाही. हसली तर हसू दे.

कर्वेनगर ते डेक्कन जेमतेम चार किलोमीटर. तुझ्या शाळेएवढंच! कर्वे रोडच्या गर्दीची भीती वाटत असेल तर डीपी रोडने म्हात्रे पुलापर्यंत ये आणि तिथून एरंडवण्याच्या आतल्या गल्ल्यांनी जा. पावणेसातला निघालीस तर साडेसातच्या तासाला घाम पुसून बसशील. मागच्या चाकाचे ब्रेक बघून घे, चार महिने उभी सायकल भरवशाची नसते. वडापाव खा हवा तर. रविवारची फीस्ट सोडू नकोस, तेवढ्यासाठी तर मेस लावतात.

या रविवारी मेसवरून परतल्यावर सायकल हातात धरून पंक्चरवाल्याकडे ने. आणि सोमवारी रात्री बाबांना फोन कर. कबुलीजबाब द्यायला बसू नकोस, तो तुला जमणारही नाही. पंक्चर काढायला पुण्यात किती घेतात, एवढंच सांग. ते आधी दर ऐकून ओरडतील. मग जरा थांबून विचारतील, 'कधी झाली गं पंक्चर?'

तेव्हा खरी तारीख सांग.