दादरच्या मराठी शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. ईएलटीएआय या इंग्रजी शिक्षकांच्या भारतीय संघटनेची सदस्य झाले तर नोकरीत उपयोग होईल का?

नोकरी मिळवायला नाही, वर्गातल्या कामाला मात्र खूप होईल. सदस्यत्व ही पात्रता नव्हे, बी.एड. किंवा टीईटीच्या जागी ते चालत नाही. १९७४ साली चेन्नईत सुरू झालेली ही संघटना नियतकालिक काढते, वार्षिक परिषद भरवते, ठिकठिकाणच्या शाखांतून कार्यशाळा घेते. ब्रिटनमधल्या आयएटीईएफएल या इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी ती संलग्न आहे, पण म्हणून तिथलं सदस्यत्व आपोआप मिळत नाही.

खरा फायदा परिषदेत शोधनिबंध सादर करण्यात आहे, नुसत्या हजेरीत नाही. गोषवारा पाठवताना ‘इंग्रजी अध्यापनातील आव्हानं’ असा ऐसपैस विषय घेऊ नका. असे गोषवारे बहुधा बाजूला पडतात, कारण त्यात वर्ग दिसतच नाही. त्यापेक्षा एवढं लिहा:

- इयत्ता आणि पटसंख्या
- काय केलं, किती आठवडे (उदा. सातवीची ५० मुलं, रोज १० मिनिटं जोडीनं संभाषण)
- आधी-नंतरचा फरक कसा मोजला

आपल्या मराठी शाळांमधला हा अनुभव तिथे पोहोचायलाच हवा. फक्त परिषद शाळेच्या दिवसांत असेल तर शुल्क भरण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. ऐन वेळी रजा नाकारली तर शुल्क बहुधा परत मिळत नाही.