इलेक्ट्रिक युनिसायकलवरून पडून खरचटले तर घरी काय करावे, आणि कोकणातल्या रस्त्यांवर ती चालवणे सुरक्षित आहे का?

समुद्राच्या पाण्याने जखम धुऊ नका. बाकीचे उत्तर वाचायला वेळ नसेल तर एवढे एक वाक्य पुरे आहे.

आपण लिहिले आहे की तळहात आणि गुडघा सोलवटला आहे, घरची मंडळी किनाऱ्यावर जाऊन खाऱ्या पाण्यात पाय बुडवून यायला सांगत आहेत, आणि पावसाळ्यात चाक (दोन्ही बाजूंच्या पॅडलवर उभे राहून चालवायची ही विजेवरची युनिसायकल) चालवावे की ठेवून द्यावे हे ठरत नाही. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत माझे औषधांचे दुकान आहे आणि मी स्वतः हे चाक चालवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे. खाऱ्या पाण्याचा विषय निघाला की मात्र माझा संयम सुटतो, कारण हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

माझा भाचा पुण्याचा. चाक उत्तम चालवतो; मला शिकवले तेही त्यानेच. एका मे महिन्यात तो चाक घेऊन आमच्याकडे आला. आमचे घर वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर आहे आणि बंदर खाली. मधला रस्ता वळणावळणाचा आणि सलग उताराचा. रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी पूर्ण भरलेल्या बॅटरीनिशी तो बंदराकडे निघाला. पुण्याच्या सपाट रस्त्यावर यात काहीच चुकीचे नाही, पण आमच्यासारख्या गावात नेमके हेच घातक ठरते. हे चाक ब्रेकच्या पट्ट्यांनी थांबत नाही. उतारावर मोटरच जनित्रासारखी वीज तयार करते आणि ती वीज बॅटरीत परत जाते. त्याचे चाक 84 व्होल्टचे, म्हणजे 20 सेल एकापुढे एक जोडलेले आणि प्रत्येक सेल 4.2 व्होल्टवर काठोकाठ भरलेला. परत येणाऱ्या विजेला शिरायला जागाच उरलेली नव्हती. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले, चाकाने शिट्या मारल्या, पॅडलची पुढची बाजू वर उचलली गेली, आणि त्यानंतर नियंत्रक बोर्डाने वीज तोडली. वीज गेली की तोल सांभाळणारे काहीच उरत नाही. तोल ओळखणारा गायरोस्कोप आत असूनही चाक निव्वळ चाक बनते आणि माणूस पुढे फेकला जातो.

हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड होते, म्हणून डोके आणि हात वाचले. अंगात बर्मुडा होती. गुडघा आणि कोपर जांभ्याच्या खडीवर घासत गेले.

माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना सगळे गाव अण्णा म्हणते, त्या वेळी खाली मासे घ्यायला आले होते. त्यांनी भाच्याला उचलून जेटीच्या बाजूला उथळ पाण्यात उभे केले, गुडघा खाऱ्या पाण्याने धुतला, बांधावरचा दगडीपाला हातावर चुरडून त्याचा रस वर पिळला, आणि “आता याला वारा लागू दे, काही बांधू नको” असे बजावून त्याला घरी पाठवले. कोपराकडे त्यांचे लक्ष गेले नाही, कारण बाही खाली आली होती. दुपारी दुकान बंद करून मी घरी आलो तेव्हा मला हे कळले. कोपर मी माझ्या पद्धतीने धुऊन बांधला. गुडघ्याला हात लावायला अण्णांनी मनाई केली, आणि आमच्या घरात थोरल्यांचा शब्द मोडण्याची रीत नाही.

त्या दिवशी अण्णांनी केलेला युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकला आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देतो. ते म्हणाले, “डॉक्टरसुद्धा सलाइननेच धुतात ना? मग दर्या म्हणजे दुसरे काय आहे?” सलाइनमध्ये मिठाचे प्रमाण 0.9 टक्के असते, कारण ते आपल्या रक्ताशी जुळते. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात, म्हणजे जवळपास चौपट. उघड्या पडलेल्या पेशींमधून ते पाणी ओढून घेते. ती आग औषधाचा गुण नसते, ती इजा असते. शिवाय सलाइन निर्जंतुक असते. बंदरातल्या पाण्यात मासे धुतलेले पाणी, होड्यांचे डिझेल आणि वाडीचे सांडपाणी असते. कोमट किनारी आणि खाडीच्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू नैसर्गिकरीत्याच राहतात, आणि त्यांतला व्हिब्रिओ व्हल्निफिकस उघड्या जखमेतून शिरला तर मधुमेही किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. हर्णे बंदरावर लिलावाच्या वेळी उभे राहून पायाखालचे पाणी एकदा पाहावे आणि मग ठरवावे.

तिसऱ्या दिवशी गुडघा लाल होऊन तापला, काळ्या खपलीच्या कडेने पू आला. दापोलीला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी भूल देऊन खपली काढली तेव्हा खाली लाल खडे तसेच होते. कोपर तोवर गुलाबी झाला होता. भाच्याच्या गुडघ्यावर आजही जांभ्याची एक गडद रेघ आहे, कारण कातडीखाली राहिलेला कण गोंदणासारखा कायमचा बसतो.

आता आपल्या गुडघ्याविषयी. आधी स्वतःचे हात साबणाने धुवावेत. हाताला सूज येण्याआधी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. मग पिण्यायोग्य पाण्याच्या धारेखाली जखम भरपूर वेळ, निदान पाच ते दहा मिनिटे, धरावी. धुण्याचे काम पाण्याच्या प्रवाहाचे आहे, औषधाचे नाही. विहिरीचे पाणी असेल तर उकळून गार केलेले वापरावे. भोवतालच्या कातडीला साधा साबण चालतो. खडे राहिले असतील तर स्वच्छ ओल्या गॉजने हलकेच पुसावे, आणि वर दिसणारे कण स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने काढावेत. दुखते, पण त्याच दिवशी दुखणे स्वस्त पडते. खोल रुतलेले खडे घरी उकरू नयेत. हायड्रोजन पेरॉक्साइड, न मिसळलेले डेटॉल, स्पिरिट यांपैकी काहीही थेट जखमेत ओतू नये. ते जंतूंबरोबर नव्या पेशीही मारते. हळद, चुना, कॉफी, टूथपेस्ट यांविषयी मी बोलणारच नाही. भुरभुरायची पावडर माझ्याच दुकानात सर्वाधिक खपते, तरीही सांगतो की ओलसर खरचटीवर तिचा गोळा बनतो आणि त्याखाली काय चालले आहे ते दिसत नाही.

त्यानंतर जखम ओलसर ठेवावी. अण्णांचा आणि माझा खरा वाद येथे आहे. “वारा लागल्याशिवाय जखम भरत नाही” हे वाक्य आपल्याकडे इतक्या खात्रीने बोलले जाते की त्याविरुद्ध बोलणारा माणूस शिकून बिघडलेला ठरतो. 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांवर केलेला प्रयोग ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, पातळ प्लास्टिकखाली झाकलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांच्या तुलनेत सुमारे दुप्पट वेगाने धरली. कारण सरळ आहे. नव्या पेशी कडेकडून सरकत येतात, आणि ओल्या पृष्ठभागावरून त्यांना सरकता येते. कडक खपली असली की तिच्याखाली खोल वाट शोधावी लागते. म्हणून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे पॅराफिन लावलेले जाळीदार गॉज, त्यावर साधे गॉज, त्यावर सैलसर पट्टी, हा क्रम ठेवावा. रोज बदलावी, आपल्याकडच्या दमट हवेत घामाने भिजली तर त्याच दिवशी पुन्हा बदलावी. चिकटली असेल तर पाणी टाकून सोडवावी, ओढू नये. नवी कातडी आल्यावर काही आठवडे उन्हापासून झाकावी, नाहीतर डाग काळा पडतो.

दगडीपाल्याविषयी मला राग नाही. त्यावर प्रयोगशाळेत काम झालेले आहे. पण बांधावरच्या पाल्यावर गुरांचे शेण आणि मूत्र पडलेले असते, आणि धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि शेणातच असतात. त्यामुळे माती लागलेली जखम असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षे उलटून गेली असतील तर ते घ्यावे; स्वच्छ किरकोळ जखमेसाठी ही मुदत दहा वर्षांची आहे. दर खरचटीला इंजेक्शन मागणारी माणसेही माझ्याकडे येतात, त्यांनाही मी परत पाठवतो.

पावसाळ्याविषयी आपण विचारले आहे. जून ते सप्टेंबर मी चाक बाहेर काढत नाही. जांभ्याच्या चिऱ्यांवर आणि सिमेंटच्या रस्त्यावर शेवाळ धरते, पोफळीच्या झावळ्या पडलेल्या असतात, आणि एकाच टायरवर उभ्या असलेल्या माणसाला सावरायला दुसरा टायर नसतो. दाभोळ–धोपावे फेरीबोटीच्या ओल्या लोखंडी उतारावर तर कोणत्याही महिन्यात चाक हातात धरून चालत जावे. आणि भर पावसात उघडी जखम घेऊन लावणीच्या चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात उतरू नये. उंदरांच्या मूत्रातून येणारा लेप्टोस्पायरा हा जिवाणू खरचटलेल्या कातडीतूनच शिरतो, आणि त्याचा ताप आमच्याकडे दर पावसाळ्यात असतो. उतरणे टळत नसेल तर प्रतिबंधक गोळीविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

भरलेल्या बॅटरीचा धोका मी वर सांगितलाच; त्यावरचा नियम असा: सड्यावरून खाली जायचे असेल तर चार्ज ऐंशी टक्क्यांच्या आसपास थांबवावा. उलट दिशेचा नियमही तितकाच महत्त्वाचा आहे. अर्ध्याहून कमी चार्जवर घाट चढताना जोर दिला की व्होल्टेज खाली बसते, मोटरकडे तोल धरण्यापुरतीही ताकद उरत नाही, आणि माणूस चढावरच तोंडावर आपटतो. शिट्टी वाजली की वेग कमी करायचा असतो. पुण्याच्या मुलांना ती गाडीच्या हॉर्नसारखी दुर्लक्ष करण्याची गोष्ट वाटते. पडताना धावत उतरता येते असे चित्रफितींत दाखवतात, पण ते आपण जितके वेगाने धावू शकतो तितक्याच वेगापर्यंत खरे आहे, आणि ताशी 20 किलोमीटरच्या पुढे बहुतेकांना ते जमत नाही.

मनगटाचे गार्ड कडक पट्टीचे घ्यावेत, म्हणजे तळहात रस्त्यावर अडकण्याऐवजी घसरतो. आपला तळहात सोलवटला आहे याचा अर्थ ते नव्हते. गुडघ्याचे कवच कडक हवे. हेल्मेट हनुवटी झाकणारे आणि आयएस 4151 या हेल्मेटच्या भारतीय मानकाचे चिन्ह असलेले घ्यावे, कारण पुढे पडणारा माणूस बहुधा चेहऱ्यावरच पडतो. एवढे घालून बंदरावर गेलो तर लोक हसतात. अण्णा मला “लढाईला निघालास का” असे विचारतात. मी हो म्हणतो.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. भाच्याचा कोपर आणि गुडघा यांची तुलना मी जितक्या जोराने केली तितकी ती निर्णायक नाही. गुडघा अधिक खोल सोलला होता, आणि माझ्या हाती असता तरी कदाचित तो उशिराच भरला असता. तसेच मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही. जखमेच्या कडेची लाली पसरत असेल, पू किंवा दुर्गंधी असेल, ताप असेल, दुखणे दिवसागणिक वाढत असेल, किंवा आपल्याला मधुमेह असेल तर घरी थांबू नये. डोक्याला मार लागून उलटी होत असेल किंवा गुंगी येत असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. आणि तळहातावर पडलात म्हणून विशेष विचारतो: अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखते का? तेथल्या लहान हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासावी लागते. “मुरगळले आहे, तेल चोळ” असे कोणी म्हणाले तर चोळू देऊ नका.

रस्ता सुरक्षित आहे का, याचे उत्तर रस्त्यापेक्षा कायद्यात आधी शोधावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 250 वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरीवरील वाहनांना काही अटींवर सूट आहे. बाजारातली बहुतेक चाके त्याच्या कितीतरी पुढची आहेत आणि त्यांची नोंदणी होत नाही, म्हणजे विमाही नाही. सागरी महामार्गावर संध्याकाळनंतर गुरे बसलेली असतात. तेथे एखाद्याला धडक बसली तर खर्च आपल्याच खिशातून जाईल. मी सड्यावरच्या मोकळ्या कातळावर आणि वाडीच्या आतल्या रस्त्यावर चालवतो, आणि पुळणीवर अजिबात नेत नाही, कारण वाळू आणि खार बेअरिंगमध्ये शिरले की चाक आतून गंजते.