व्हर्च्युअल मशीनला इंटरप्ट नेमका पोचतो कसा?

इंटरप्ट म्हणजे हातातलं काम थांबवून लक्ष द्यायला लावणारा, प्रोसेसरला दिलेला इशारा. गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, खरी तार जोडलेलीच नसते, म्हणून हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) इंटरप्ट आत घुसवतो. इंटेलवर केव्हीएमची (लिनक्समधल्या हायपरव्हायझरची) जुनी पद्धत अशी: चालू व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी प्रोसेसर) गेस्टमधून बाहेर हायपरव्हायझरकडे काढायचा, व्हीएमसीएसमधल्या (त्या व्हीसीपीयूची स्थिती ठेवणाऱ्या मेमरीतल्या रचनेतल्या) ठरलेल्या रकान्यात व्हेक्टर (इंटरप्टचा क्रमांक) लिहायचा, परत आत सोडायचं. आत शिरताच प्रोसेसर गेस्टच्या आयडीटीतून (कोणत्या व्हेक्टरला कोणता कोड चालवायचा, त्या यादीतून) हँडलर, म्हणजे तो कोड, गाठतो. गेस्टने इंटरप्ट बंद ठेवले असतील तर ते उघडेपर्यंत थांबायचं.

वेळ खातं ते हे आत-बाहेर. म्हणून पोस्टेड इंटरप्ट आले: मेमरीतल्या 256 बिटांच्या तक्त्यात व्हेक्टरचा बिट लावायचा आणि गेस्ट ज्या कोअरवर चालू आहे त्याला सूचना धाडायची. गेस्ट बाहेर येतच नाही.

होस्टच्या (गेस्ट ज्यावर चालतो त्या खऱ्या लिनक्स यंत्राच्या) ‘प्रोक’ (/proc) फोल्डरमधल्या ‘इंटरप्ट्स’ फाइलीत या सूचना मोजणाऱ्या ‘पिन’ (PIN) ओळीचा आकडा छोटा दिसला तर घाबरू नका; गेस्ट चालू असताना हार्डवेअरने परस्पर निपटलेल्या सूचना तिथे मोजल्याच जात नाहीत.