छपरांचे फोटो काढायला किती उंच जावं?

तुम्ही लिहिलंय की शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीच्या गच्चीवरून भर दुपारी वाइड लेन्सने फोटो काढले, आणि डोळ्यांना जे भव्य वाटलं ते फोटोत जमिनीवर काड्यापेट्या पसरल्यासारखं आलं. आता आणखी वाइड लेन्स घ्यावी की ड्रोन, असा प्रश्न आहे. माझ्या मते सध्या दोन्ही नको. आधी खाली उतरा.

फार उंचावरून पाहिलं की छपराचा उतार नाहीसा होतो. आढं, पागोळीची कड, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, धुराडं या सगळ्यांना उंची असते म्हणून त्यांना रूप असतं. डोक्यावरून पाहिलं तर उरतो तो नकाशा. समोरच्या छपरांपेक्षा जेमतेम एक-दोन मजले वर ही माझी सगळ्यात आवडती जागा. तिथून जवळचं छप्पर मागच्याला थोडं झाकतं, ते त्याच्या मागच्याला, असे थरावर थर लागत जातात आणि शेवटचा थर आकाशाला भिडतो. जिन्याच्या खिडक्या, बहुमजली पार्किंगचे मधले मजले, उड्डाणपुलावरचा पादचारी मार्ग, चढाचा रस्ता अशा जागा हेरून ठेवा.

अशा जागेवर ८५ ते २०० एमएमची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स लावा. मोबाइल असेल तर दोन किंवा तीन पटीची वेगळी लेन्स वापरा, बोटांनी झूम करू नका. लांबची छपरं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात, ते खरं तर लेन्समुळे होत नाही, अंतरामुळे होतं; लेन्स फक्त तेवढा तुकडा कापून देते. म्हणून थर हवे असतील तर विषयापासून लांब जाणं महत्त्वाचं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. छपरांची रेषा, म्हणजे आकाशाला भिडणारी त्यांची कड, टिपताना इमारतींकडे पाहू नका, आकाशाकडे पाहा. इमारतींच्या वर उरलेल्या आकाशाचा तुकडा हाच एक आकार आहे असं समजून त्याची खालची कड डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे चालत जा. कुठे मनोऱ्याचं टोक मागच्या इमारतीत बुडालंय, कुठे अँटेना नेमकी टाकीच्या कडेला चिकटलीय, ते लगेच कळतं. बऱ्याचदा एक पाऊल बाजूला सरकलं की दोन आकारांमध्ये आकाशाची फट येते आणि दोन्ही सुटे होतात. ही फट नंतर संगणकावर आणता येत नाही. मी एका जागी कधी कधी अर्धा तास फक्त सरकत असतो, कॅमेरा पिशवीतच असतो.

उजेडाबद्दल सांगताना मला नेहमी छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळातल्या निएप्स या फ्रेंच संशोधकाचा फोटो आठवतो. कॅमेऱ्याने टिपलेलं आणि आजवर टिकलेलं सगळ्यात जुनं छायाचित्र म्हणजे फ्रान्समधल्या त्याच्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारी छपरं! साल १८२६-२७, कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबरासारख्या पदार्थाचा थर देऊन केलेलं. एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, किमान आठ तासांचं असावं असं मानतात. तेवढ्या वेळात सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला, म्हणून चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन आहे, आणि त्यामुळेच आकार ओळखायला कठीण जातात. छपराला घडण येते ती एक उतार उजळ आणि दुसरा सावलीत असतो तेव्हा. तुमच्या दुपारच्या फोटोंत डोक्यावरच्या सूर्याने दोन्ही उतार सारखेच उजळलेत, कौलांच्या ओळींमधल्या सावल्या पुसल्या गेल्यात. सूर्य खाली आणि तुमच्या एका बाजूला असेल अशी वेळ गाठा.

दुपार टाळायचं आणखी एक कारण आहे. तापलेल्या पत्र्यावरून आणि काँक्रीटवरून गरम हवा वर चढते, आणि लांबच्या लेन्समधून सरळ कडा पाण्याखाली असल्यासारख्या थरथरतात. एकदा माझे एका अख्ख्या दुपारचे फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट आले. मी लेन्स तपासायला दिली, तिच्यात काहीच दोष नव्हता. दोन दिवसांनी पहाटे तिथूनच, त्याच लेन्सने काढले तेव्हा अँटेनाची एकेक काडी मोजता येत होती. यावर ट्रायपॉड किंवा शटर स्पीडचा खात्रीचा उपाय नाही. पहाट किंवा पावसानंतरची स्वच्छ हवा हाच उपाय.

पावसानंतर ओल्या कौलांचा रंग गडद होतो, पण वर पांढरी चकाकी येते. पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा चकाकी कमी करणारा फिल्टर, फिरवून ती बरीच कमी होते. उघड्या धातूच्या चकाकीवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. पत्र्याच्या छपरांसाठी पातळ ढगांचा दिवस बरा. पॅरिसची जस्ताची छपरं ढगाळ हवेत आकाशाचाच करडा रंग घेतात. तिथली ती एकसारखी कडही उगाच आलेली नाही. एकोणिसाव्या शतकातल्या नियमांनी भिंतीची उंची आणि वरच्या छपराचा कोन बांधून दिला होता. न्यूयॉर्कमध्ये १९१६ च्या नियमाने उंच इमारतींना वर जाताना मागे सरकायला लावलं, म्हणून तिथल्या रेषेला पायऱ्या आहेत. आपल्यासमोरची रेषा अशी का, हे थोडं शोधलं की कॅमेरा कुठे रोखायचा ते सुचू लागतं.

एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, आकाशावरून ठरवा. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइलमध्ये, सावलीतला तपशील बराचसा वर काढता येतो, फटक पांढरं झालेलं आकाश परत येत नाही. ग्रॅज्युएटेड फिल्टरच्या, म्हणजे वरचा भाग गडद असलेल्या काचेच्या, नादी लागू नका. त्याची रेषा सरळ, आपली दातेरी. मनोऱ्यांची टोकं उगाच काळी पडतात. फरक फार असेल तर ट्रायपॉडवरून दोन-तीन वेगवेगळी एक्स्पोजर घ्या आणि नंतर जोडा. सूर्यास्तानंतर सूर्य क्षितिजाखाली सुमारे ६ अंश जाईपर्यंत खिडक्यांतले दिवे आणि आकाश यांचं छान जुळतं, तेव्हा एकाच एक्स्पोजरमध्ये भागतं. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ च्या आसपास पुरे.

काचेतून काढत असाल तर लेन्स काचेला जवळजवळ टेकवा, भोवती काळं कापड धरा, खोलीतले दिवे बंद करा. तिथे पोलरायझर काढून ठेवा, कडक केलेल्या काचेत त्याने रंगीत डाग दिसतात. रस्त्यावरून वरची कड टिपताना कॅमेरा मागे कलला की इमारती आत झुकतात. शक्य तितकं लांब जा, कॅमेरा सरळ धरा आणि खालचा रस्ता क्रॉप करा. नंतर सॉफ्टवेअरने सरळ करणार असाल तर दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडा.

परवानगी विचारूनच वर जा. कठड्यावर बसायचं नाही, कौलांवर पाय ठेवायचा नाही, पट्टा गळ्यातच. आणि लांबच्या लेन्समध्ये लोकांच्या घरांतलंही दिसतं. खिडकीत कुणी ओळखू येत असेल तर तो फोटो मी ठेवत नाही.

तुमच्या फोटोंपैकी शेवटचा, खाली येताना जिन्याच्या खिडकीतून घेतलेला, मला सगळ्यात आवडला. त्यात तीन छपरं एकामागे एक आहेत आणि उजवीकडची टाकी आकाशात एकटी उभी आहे. त्याच खिडकीपाशी सकाळी परत जा, थोडं डावीकडे सरकून बघा, मधल्या दोन धुराड्यांमध्ये फट येते का.