वाद फासे टाकायच्या आधीच मिटवा

अरे, पुण्यात चौघं ‘रिस्क’ हा सैन्याने प्रदेश जिंकायचा पटावरचा खेळ खेळायला बसले की वाद होणारच, धास्ती घेऊ नकोस. फक्त नियम आधी बोलून घे. फासे पडल्यावर प्रत्येकाला सोयीचा अर्थ सुचतो. हल्ला करणाऱ्याला जास्तीत जास्त 3 फासे, बचावाला 2, बरोबरी झाली तर बचाव करणारा जिंकला, आणि हल्ला जिथून केला तिथे एक तरी सैन्य ठेवायचंच. फासा पटाबाहेर गेला तर काय, हेही ठरव. आपल्या खेळीच्या शेवटी सैन्य शेजारच्याच प्रदेशात हलवायचं की जोडलेल्या कुठल्याही, हे आवृत्तीनुसार बदलतं. म्हणून ज्या बॉक्सने खेळताय त्याचंच नियमपुस्तक माना. तरी अडलंच तर नाणं उडवा आणि डाव पुढे न्या. उरलेलं भांडण नंतर अमृततुल्यात, चहावर.