ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये ब्रँच किती ठेवायच्या, रिलीज कधी काढायचं?

तुम्ही लिहिलंय की लायब्ररीवर (इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या कोडवर) तिघं काम करता, पण मास्टर, डेव्हलप आणि प्रत्येक आवृत्तीची वेगळी अशा नऊ ब्रँच (कोडच्या समांतर शाखा) झाल्यात. कुठला बग कुठे दुरुस्त करायचा यावरच वाद होतात. मीही अशीच एक लायब्ररी बरीच वर्षं सांभाळतोय, त्यावरून सांगतो.

आधी डेव्हलप ब्रँच बंद करा. मास्टर आणि डेव्हलप अशा दोन कायमच्या ब्रँच ठेवायची पद्धत गिटसाठी (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) 'गिट-फ्लो' नावाने २०१० मध्ये मांडली गेली. मांडणाऱ्यानेच २०२० मध्ये टीप जोडली, की सतत डिप्लॉय होणाऱ्या वेब अ‍ॅपसाठी याहून साधी पद्धत बरी, अनेक आवृत्त्या सांभाळायच्या असतील तर ही चालेल. त्या हिशेबाने तुमची लायब्ररी गिट-फ्लोत बसते. तरीही तिघांच्या टीमला मी ती सुचवणार नाही, कारण दोन कायमच्या ब्रँच जुळवत बसण्यातच तुमची संध्याकाळ जाते. एक मेन (म्हणजे तुमची मास्टर) ठेवा, तिच्यावर टेस्ट कायम पास झाल्याच पाहिजेत, आणि रिलीजला टॅग (कोडच्या त्या स्थितीवरची नावाची खूण) लावा. जुन्या आवृत्तीत दुरुस्ती करायची वेळ आली, तर टॅगवरून ब्रँच केव्हाही काढता येते. आधीपासून काढून ठेवायची गरज नाही.

आता तुमच्या वादाचा मुद्दा. एकदा रात्री उशिरा आमच्याकडे तक्रार आली की रिकामी फाइल दिली की प्रोग्रॅम क्रॅश होतो. मी घाईघाईत २.३ च्या ब्रँचवर चार ओळी बदलल्या, २.३.२ काढलं आणि झोपलो. मेनवर तो बदल न्यायचा राहून गेला. दोन महिन्यांनी मेनवरून २.४ निघालं आणि त्याच माणसाने तोच इश्यू पुन्हा उघडला: 'हे तर दुरुस्त झालं होतं ना?' फार वाईट वाटलं. त्याने वेळ काढून बग शोधून दिला होता आणि आम्ही तो परत त्याच्याच माथी मारला.

तेव्हापासून दुरुस्ती आधी मेनवर, मग 'चेरी-पिक -एक्स'ने (एका ब्रँचवरचा निवडक बदल दुसरीवर नेणारी गिटची आज्ञा) जुन्या ब्रँचवर. त्या '-एक्स'मुळे मूळ कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, संदेशात राहतो. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) स्टेबल आवृत्त्यांचा नियमही हाच आहे: पॅच (दुरुस्ती) आधी मेनलाइनमध्ये, म्हणजे मुख्य कोडमध्ये हवा. खुद्द गिटचा प्रोजेक्ट उलट दिशेने जातो, दुरुस्ती जुन्यात जुन्या ब्रँचवर करून नव्या ब्रँचमध्ये मर्ज करत (मिसळत) आणतो. दोन्ही चालतं. मात्र दिशा एकच ठरवा आणि कॉन्ट्रिब्यूटिंगच्या फाइलमध्ये (योगदान देणाऱ्यांसाठीच्या नियमांच्या) लिहून ठेवा.

रिलीज तारखेवर काढा, फीचरवर नको. कर्नलमध्ये दोन आठवडे मर्ज विंडो (नवे बदल आत घ्यायची मुदत) असते, नंतर दर आठवड्याला आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे चाचणीची आवृत्ती), आणि साधारण नऊ-दहा आठवड्यांत आवृत्ती बाहेर. जे तयार नाही ते पुढच्या खेपेला जातं, त्यामुळे अर्धवट काम रेटून घुसवायची घाई कोणालाच नसते. तुम्हाला दोन-तीन महिन्यांचा अंतराल पुरेल. आणि एकदा जाहीर केलेला टॅग हलवू नका. चूक निघाली तर पुढचा नंबर काढा, नाहीतर एकाच नंबराचे दोन वेगळे कोड लोकांच्या मशीनवर बसतात.

पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रकल्प प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षं सांभाळतो, पण त्यामागे मोठी टीम आहे. तुम्ही 'आम्ही फक्त शेवटची आवृत्ती सांभाळतो' असं रीडमीत (प्रोजेक्टच्या ओळखीच्या फाइलमध्ये) स्पष्ट लिहा.

जुन्या ब्रँच पुसण्याआधी प्रत्येकीवर 'गिट चेरी मेन' आणि पुढे त्या ब्रँचचं नाव देऊन चालवा. ज्या कमिटपुढे अधिकचं चिन्ह दिसेल, तसा बदल मेनवर आढळलेला नाही. तेवढे कमिट एकेक करून तिघांनी मिळून बघा, हवे ते मेनवर घ्या, ब्रँचच्या टोकाला टॅग लावा आणि मगच ब्रँच पुसा.