सुपरहिरो म्हणजे येशूचीच कॉपी आहे का?

तुम्ही विचारलंय की सुपरमॅन, आयर्नमॅन वगैरे सगळे म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या तारणाऱ्याचीच कॉपी आहे का. मी पुण्यातला मराठी ख्रिस्ती, चर्चमध्ये संडे स्कूलला पोरांना शिकवतो आणि हे पिक्चरही अगदी आवडीने बघतो, त्यामुळे विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माझं मत असं की या लोकांनी येशूचं दिसणं उचललंय, त्याचं काम नाही उचललं.

आधी सुरुवातीचं बोलू. सुपरमॅन १९३८ साली ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात आला आणि त्याला जन्माला घालणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर दोघेही ज्यू घरातली पोरं होती, तेव्हा त्यांनी येशू समोर ठेवून हिरो काढला असेल असं मला नाही वाटत. जीव वाचावा म्हणून आईबापाने सोडून दिलेलं आणि परक्या घरात वाढलेलं बाळ म्हटलं की मला तर बायबलमधला, टोपलीत घालून नाईल नदीत ठेवलेला मोशे आठवतो. येशूचा रंग चढवला तो नंतर पिक्चरवाल्यांनी. १९७८च्या पिक्चरमध्ये बाप म्हणतो की मी माझ्या एकुलत्या एक मुलाला पाठवलंय, आणि ज्याला बायबलमधलं योहान ३:१६, म्हणजे देवाने आपला एकुलता एक पुत्र दिला हे वचन, पाठ आहे त्याच्या ते लगेच लक्षात येतं. २०१३च्या मॅन ऑफ स्टीलमध्ये तर काही लपवलेलंच नाही, हिरोचं वय ३३, तो चर्चमध्ये पाळकाशी बोलायला जातो आणि त्याच्या मागे काचेवर गेथशेमाने बागेत, म्हणजे जिथे त्याला पकडलं तिथे, प्रार्थना करणारा येशू.

आणि शेवटी हाच हिरो काय करतो? व्हिलनची, झॉडची, मान मोडतो. झॉड एका कुटुंबाला जाळायला निघालेला असतो, हिरोपुढे दुसरा मार्ग उरत नाही, मान मोडल्यावर हिरो किंचाळतो सुद्धा, सगळं मान्य. पण काचेवरच्या त्या बागेत नेमकं उलटं घडलं होतं. येशूला धरायला लोक आले तेव्हा त्याच्या शिष्याने, पेत्राने, तलवार काढून महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान कापला आणि येशूने काय केलं तर पेत्राला तलवार म्यान करायला लावली आणि लूकच्या शुभवर्तमानात आहे की त्या माणसाचा कान बरा केला. धरायला आलेल्या माणसाचा कान! वर म्हणाला की मी मागितलं तर बाप आत्ता देवदूतांच्या बारा पलटणींपेक्षा जास्त पाठवेल. म्हणजे ताकद होती, वापरली नाही.

संडे स्कूलमध्ये हे शिकवताना एका मुलाने मला सरळ विचारलं, सर मग त्याने देवदूतांना बोलावलं का नाही, सगळे एका मिनिटात खलास झाले असते. मी त्याला म्हटलं, अरे ज्यांना वाचवायला आलाय त्यांनाच खलास करून कसं चालेल. कारण शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, व्हिलन असा वेगळा कोणी नाहीच, पळून जाणारे शिष्य, हात धुऊन मोकळा होणारा रोमी सुभेदार पिलात, ओरडणारी गर्दी, सगळी तुमच्याआमच्यासारखीच माणसं. सुपरहिरोच्या पिक्चरमध्ये आपण नेहमी वाचणाऱ्यांच्या बाजूला बसलेले असतो, वाईट म्हणजे तो तिकडचा. खरं तर दुष्टांचा नाश करून सज्जनांना वाचवणारा म्हटल्यावर मराठी माणसाला गीतेतलं 'विनाशाय च दुष्कृताम्' आठवणार आणि ते बरोबरच आहे, सुपरहिरोचं काम मला येशूपेक्षा अवतारकल्पनेच्या जास्त जवळचं वाटतं. ॲव्हेंजर्स एंडगेममध्ये टोनी स्टार्क, म्हणजे आयर्नमॅन, स्वतःचा जीव देतो तेव्हा माझेही डोळे भरून आले, पण त्याच चुटकीत समोरची अख्खी फौज राख होते. येशूचे वधस्तंभावरून आलेले शब्द होते, बापा, यांना क्षमा कर.

मरून परत येण्याचंही तसंच. कॉमिक्समध्ये सुपरमॅनला १९९२ला मारला आणि १९९३ला परत आणला, आणि आता तर कुठलाही हिरो मेला की तो परत येणार हे वाचणाऱ्याला माहीतच असतं. येशू परत आला तो हातावरच्या जखमा घेऊन, विश्वास न ठेवणाऱ्या थोमा नावाच्या शिष्याला त्याने त्याच दाखवल्या. पिलाताच्या दारात हिशोब चुकता करायला गेला नाही, तलावाच्या काठावर कोळशाच्या विस्तवावर मासे भाजून, पळून गेलेल्या मित्रांना या जेवायला म्हणाला. तीनदा ओळख नाकारणारा पेत्र पण त्यात होता. मला अख्ख्या बायबलमध्ये हा प्रसंग सगळ्यात आवडतो.

त्यातल्या त्यात येशूच्या जवळ जाणारा सीन म्हणाल तर २००४च्या स्पायडरमॅन २ मधला ट्रेनचा. तोंडावर मास्क नाही, अंगावरचा ड्रेस फाटलेला, दोन्ही हात पसरून तो गाडी थांबवतो आणि बेशुद्ध पडतो आणि मग तीच साधी माणसं त्याला हातोहात डब्यात घेतात, आणि व्हिलन डॉक ऑक आला की त्याच्या आडवी उभी राहतात. तिथे हिरो कोणालाही मारत नाही, स्वतः संपतो आणि बघणारी माणसं बदलतात.

तुम्हाला खरंच खोलात जायचं असेल तर योहानाचे १८ ते २१ अध्याय वाचा, तासाभरात होतात. आणि पुण्यात असाल तर गुड फ्रायडेला दुपारच्या मराठी उपासनेला या, गुरुवार पेठेतलं पंचहौदचं चर्च तर शहरात सगळ्यांना माहीत आहे. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर त्या दिवशी बोलतात, ख्रिस्ती असायलाच पाहिजे असं काही नाही, मागच्या बाकावर बसून ऐका आणि मनात जे प्रश्न येतील ते इथेच विचारा.